बावीस मिनिटांचा कंदील

मसुदा पहिला

"माझ्या मते सदर चित्रपट"

एवढे लिहून सुश्रुत पोतनीस थांबला. पुढचे वाक्य त्याच्याकडे नव्हते. सत्तावीस वर्षांच्या वकिलीत त्याने भाडेकरू काढले होते, भाडेकरू घुसवले होते, एकदा एका म्हशीचा ताबासुद्धा मिळवून दिला होता. पण चित्रपटाबद्दल त्याचे मत आजवर कोणी विचारले नव्हते. घरातही नाही.

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात बॅगांच्या दुकानावर त्याची पाटी आहे. दिवाणी, फौजदारी, महसूल, कॉपीराइट. यातला चौथा शब्द पेंटरचा. तीन शब्द लिहून झाल्यावर पाटीवर वीतभर जागा उरली, तेव्हा पेंटर म्हणाला, "वकीलसाब, खाली-खाली लग रहा है," आणि दुसऱ्या कुठल्याशा पाटीवर पाहिलेला शब्द त्याने तिथे भरून टाकला. सुश्रुतने तो राहू दिला. बरा दिसत होता. अकरा वर्षे तो शब्द बिनकामाचा लटकत राहिला आणि मग एका दुपारी गरिमा खराडे जिना चढून आली.

"काका, तुम्ही कॉपीराइट करता ना? बाहेर लिहिलंय."

नाही म्हणायची पोतनिसांच्या घरात पद्धत नव्हती.

नववे मिनिट

फिल्मचे नाव "जन्म से ज्योति तक". सोळा मिलिमीटर, काळीपांढरी, बावीस मिनिटांची. शहरातल्या हजिऱ्याच्या बाजूला एक कंदील कारखाना होता, तो बंद पडून पस्तीस वर्षे झाली. त्या कारखान्याने १९६१ साली आपल्याच कौतुकासाठी ती काढून घेतली होती. कंदील कसा जन्मतो ते त्यात दाखवले आहे. पत्रा कापतात, तळ ठोकतात, वात कातरतात, आणि मागे एक भारदस्त आवाज हिंदीत असा बोलत असतो की कंदील नसून राजपुत्रच जन्माला येतो आहे.

नवव्या मिनिटाला भट्टी येते. भट्टीसमोर एक तरुण माणूस लांब नळीने काच फुगवतो आहे. तोंडाला कापड नाही, डोळ्यांवर काही नाही, अंगात बनियन. जाळ चेहऱ्यावर नाचतो आहे. तो मध्येच कॅमेऱ्याकडे वळतो आणि हसतो. आवाज म्हणतो: "देखिए! हमारा श्रमिक आग से आँख मिलाता है!"

चाळीस सेकंद. संपले.

"माझे आजोबा," गरिमा म्हणाली. "कान्होजी खराडे. पंचेचाळीसचे होते तेव्हा दोन्ही डोळे गेले. मी त्यांना पाहिलं ते काठीसोबतच. हसताना तर कधीच नाही."

एका मेलेल्या प्रोजेक्टरवाल्याच्या सामानात तिला डबा सापडला होता. तिने पुण्याला पाठवून फिल्म साफ करून आणली आणि फूलबागेच्या मैदानात जुन्या कामगारांच्या घरच्यांना बोलावून ती दाखवायचे ठरवले. पत्रके वाटून झाली आणि नोटीस आली. कारखान्याची जमीन घेऊन तिथे "ज्योती हाइट्स" नावाचे टॉवर बांधणाऱ्या कंपनीने कारखान्याबरोबर त्याचे सगळे हक्कही विकत घेतले होते. कंपनीचे वकील तरुण सक्सेना यांनी मोठ्या सभ्यतेने कळवले होते की फिल्म कंपनीची आहे, दाखवायला कंपनीची हरकत नाही, मात्र नववे मिनिट कापावे. "कामगार सुरक्षेविषयी गैरसमज पसरण्याची शक्यता असल्यामुळे."

"उरलेली एकवीस मिनिटं मला काय करायचीत?" गरिमा म्हणाली. "मला कंदील थोडाच बघायचाय. काका, मला एवढंच लिहून पाहिजे की फिल्म आता कोणाचीच नाही. मतलब सगळ्यांची."

मसुदा दुसरा

सुश्रुतने कायद्याचे पुस्तक शेजारच्या वकिलाकडून मागून आणले. आपले हरवले आहे असे त्याला सांगितले. वाचल्यावर गोष्ट सोपी निघाली, आणि सोपी निघाली म्हणून त्याला धाकधूक वाटली. फिल्म लोकांपुढे पहिल्यांदा आली ते वर्ष धरायचे. त्याच्या पुढच्या एक जानेवारीपासून साठ वर्षे मोजायची. साठ संपली की ती सगळ्यांची. १९६१ला आली असेल तर २०२१च्या अखेरीस मोकळी.

"झालं मग!" गरिमा म्हणाली.

"आली असेल तर. कंपनी म्हणते, लोकांपुढे ती आलीच नाही. कारखान्यात एजंटांना दाखवली आणि कपाटात ठेवली. सेन्सॉरचा दाखला नाही, थिएटर नाही, जाहिरात नाही. लोकांपुढे आली नाही म्हणजे घड्याळ चालूच झालं नाही."

गरिमाने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. झाकणावर जुन्या शाईत लिहिले होते: गणेशोत्सव १९६१. दाखवून परत करणे. खाली मंडळाचे नाव.

मंडळ सुश्रुतचेच होते. लश्कर भागातले, मराठी, जुने. त्याच्या आजोबांचा, पांडुरंगरावांचा, फोटो तिथल्या भिंतीवर होता. त्या फिल्मची गोष्ट तो लहानपणापासून दरवर्षी आजोबांच्या श्राद्धाच्या पंगतीत ऐकत आला होता: मंडळाने बोलपट ठेवला, आणि पांडुरंगराव पहिल्या रांगेत सरदारसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. शेजारच्या. मधे कोणी नाही.

"हे तर माझ्या घरातलंच निघालं," तो खुशीत म्हणाला. "मंडळात दाखवली ना? मग लोकांनी पाहिली. दोन साक्षी घेतो, काम झालं समज."

साक्षी

बळवंतराव बोकील, वय ब्याऐंशी, मंडळाचे अध्यक्ष, झोपाळ्यावर:

"फिल्म? वा! आठवते म्हणजे काय, मी एकोणीस वर्षांचा होतो. छापील निमंत्रणं होती, सुश्रुत. जाड कागद. आमच्या वडिलांच्या नावानं आलेलं मी स्वतः हातात धरलंय."

"आणि सर्वसामान्य लोक, काका? पब्लिक?"

"पब्लिक? छे रे! पब्लिकसाठी दुसऱ्या दिवशी भजन होतं."

मंदाताई जगदाळे, वय पंचाहत्तर, पाठ ताठ. घराण्यात चार पिढ्या घोडदळ आणि एक पिढी विमा:

"आमचे आबा, महिपतराव, पहिल्या रांगेत होते. मी मांडीवर. बारा वर्षांची होते, पण मांडीवर, कारण खुर्च्या मोजून मांडलेल्या. दारावर माणूस उभा. टोपी बाजारातलं कुत्रंसुद्धा आत आलं नाही, सुश्रुतराव. तुमचे आजोबाही होते की. पोतनीस म्हटल्यावर निमंत्रण असणारच."

"ताई, पण कोणीतरी आपणहून आलं असेल ना? मागे उभं राहून..."

"आपणहून?" मंदाताईंनी तो शब्द बशीत पडलेल्या माशीसारखा बाजूला केला. "आमच्यात आपणहून कोणी जात नसे."

असे चौदा जण झाले. चौदा दिवस तो रोज संध्याकाळी एका घरी चहा प्यायला आणि प्रत्येक घरातून एक निमंत्रण घेऊन परतला. जेवढे निमंत्रित त्याला भेटले तेवढ्या खुर्च्या त्या वर्षी अख्ख्या लश्करात नसाव्यात. एका घरात तर वाद झाला. मोठे भाऊ म्हणत होते, वडील दुसऱ्या रांगेत होते. धाकटे म्हणत होते, दादा, उगाच मागे ढकलू नका त्यांना.

आणि प्रत्येक साक्षीगणिक फिल्म कंपनीच्या जवळ सरकत होती. निवडक मंडळींना बंद दाराआड दाखवले ते लोकांपुढे आलेच नाही, हे तरुण सक्सेनाला नोटिशीत लिहावेसुद्धा लागणार नव्हते. चौदा मराठी घरे ते स्वखुशीने सांगत होती, वर चकल्या देत होती.

"काका," सगळे ऐकून गरिमा म्हणाली, "म्हणजे पूर्ण ग्वाल्हेरमध्ये एक पण माणूस असा नाही, ज्याचे आजोबा पब्लिक होते?"

"तुझे?"

"माझे तर फिल्ममध्ये होते. त्या दिवशी ड्यूटी होती, बघायला सुट्टी नाही भेटली. मग बघायचे डोळेच नाही राहिले." ती उठली. "आणि तुमचे?"

सुश्रुतने कायद्याचे पुस्तक मिटले.

"सरदारसाहेबांच्या शेजारी," तो म्हणाला. ते म्हणताना आपला आवाज थोडा वर गेला, हे त्याचे त्यालाच ऐकू आले.

मसुदा चौथा (तिसरा श्रुतीने वाचला)

तिसऱ्या मसुद्यात लिहिले होते: "उपलब्ध साक्षींवरून प्रदर्शन खासगी स्वरूपाचे दिसते, सबब सदर चित्रपटावरील हक्क आजही शाबूत आहे." सुश्रुतच्या बायकोने, श्रुतीने, तो भाजी निवडता निवडता वाचला.

"म्हणजे त्या मुलीनं आजोबांना कापायचं?"

"पुरावा तसाच आहे."

"पुरावा कुठेय? या तर सगळ्या बढाया आहेत. तुमचं मंडळ शिंकलं तरी इतिवृत्त लिहितं. ते वाचलंत?"

नव्हते वाचले. इतिवृत्ताच्या कपाटाची किल्ली बळवंतरावांच्या जानव्याला बांधलेली असे, आणि त्यांना अंघोळ घालणाऱ्या नर्सखेरीज तिला कोणी हात लावत नसे. पण कारण ऐकल्यावर म्हाताऱ्याने आनंदाने किल्ली सोडून दिली. "बघ, बघ. निमंत्रितांची यादी असेल त्यात. आमचं नाव वर असेल. मोठ्यानं वाच."

सुश्रुतने १९६१ची वही उघडली. यादी नव्हती. ठराव होता. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीपासून मनात वाचू लागला.

ठराव क्र. ७

"भाद्रपद शुद्ध अष्टमीस कंदील कारखान्याच्या सौजन्याने दाखविण्यात आलेल्या बोलपटाच्या वेळी, दरवाज्यावर नेमलेले स्वयंसेवक श्री. पांडुरंगराव पोतनीस हे नेमलेली जागा सोडून पहिल्या रांगेत रिकाम्या दिसलेल्या खुर्चीवर जाऊन बसले. परिणामी दार उघडे राहून बाहेर जमलेले सुमारे चारशे लोक, त्यांत टोपी बाजारातील कारागीर, टांगेवाले, हमाल व त्यांच्या बायका, आत शिरले. सभासदांनी हरकत घेतली असता कारखान्याच्या मॅनेजरांनी ध्वनिक्षेपकावरून 'आने दीजिए, फिल्म सब के लिए है' असे जाहीर केले. त्यामुळे निमंत्रितांपैकी बहुतेकांस उभे राहावे लागले व काहींनी पडद्याच्या मागील बाजूने उलटा बोलपट पाहिला. श्री. पोतनीस यांच्या वर्तनाबद्दल हे मंडळ तीव्र नापसंती व्यक्त करीत आहे. सूचक: महिपतराव जगदाळे. अनुमोदक: कृष्णराव बोकील. ठराव एकमताने मंजूर."

"काय रे," झोपाळ्यावरून बळवंतराव म्हणाले. कृष्णराव त्यांचे वडील. "गप्प का झालास? कितव्या रांगेत?"

"पडद्यामागे," सुश्रुत म्हणाला.

सुश्रुत घरी आला तेव्हा श्रुतीने फोनवरचा फोटो दोनदा वाचला आणि ओट्याला टेकून पोट धरून हसली. "अहो, खुर्ची खरीच होती की! दरवर्षी श्राद्धाला सांगता ते खोटं नव्हतं. फक्त अर्धंच सांगता."

त्याला हसू आले नाही. वकील म्हणून जे हवे होते ते सगळे एका परिच्छेदात होते: तारीख, चारशे माणसे, आणि मालकाच्या माणसाने माइकवरून दिलेली परवानगी. कोर्टात याच्यापुढे तरुण सक्सेना उभा राहू शकला नसता. नातू म्हणून जे नको होते तेही त्याच परिच्छेदात होते.

सभा

रविवारी मंडळाची तातडीची सभा झाली. विषयपत्रिकेवर एकच विषय: "जुन्या कागदपत्रांचे संवर्धन".

"सुश्रुत," बळवंतराव गोड आवाजात म्हणाले, "जुन्या कागदाला वाळवी लागते रे. एखादं पान जातं. कोणाचा दोष नसतो."

"फोटो काढलाय मी काका."

"मग फोन पाण्यात पडतो," मागून कोणीतरी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही सहीशिक्क्यानिशी लिहून देणार," मंदाताई उभ्या राहिल्या, "की आम्ही टांगेवाल्यांबरोबर उभं राहून पाहिली? आम्ही पब्लिक?"

"ताई, त्यात माझ्याच आजोबांची नाचक्की आहे सगळ्यांत जास्त."

"म्हणून तर म्हणते! तुमच्याच भल्यासाठी. अहो, त्या फोटोला दरवर्षी हार घालतो आम्ही. आबांना ठाऊक होतं सगळं, पण मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. ठराव तेवढा मांडला."

"आणि परवा मला तुम्हीच सांगितलंत, पोतनीस म्हटल्यावर निमंत्रण असणारच."

"ते सौजन्य हो!" मंदाताई म्हणाल्या.

सुश्रुत त्या रात्री न्यायासाठी टेबलाशी बसला असे कोणी म्हणत असेल तर म्हणू दे. तो बसला होता रागाने. साठ वर्षे या मंडळींना माहीत होते. साठ वर्षे ती हाराची पिन टोचताना आपापसांत डोळे मिचकावत होती आणि पोतनिसांची पोरे-नातवंडे पंगतीत शेजारच्या खुर्चीची गोष्ट वाढत होती. बुडायचेच तर एकट्या पोतनिसांनी का बुडावे? बोकील, जगदाळे, सगळेच येऊ देत पडद्यामागे. त्याने गरिमाने पाठवलेली चाळीस सेकंदे फोनवर एकदा पाहिली. कान्होजी हसला. त्या सगळ्या प्रकरणात खुर्ची न मागितलेला तो एकच माणूस होता, आणि त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

मत

"माझ्या मते सदर चित्रपट भाद्रपद शुद्ध अष्टमी, इ. स. १९६१ रोजी मालकाच्या संमतीने लोकांपुढे आला. सोबत ठराव क्र. ७ची प्रत. त्यात ज्यांच्या वर्तनाबद्दल नापसंती व्यक्त झाली ते प्रस्तुत मत देणाऱ्याचे आजोबा होत. त्यांनी दार सोडले नसते तर हे मत वेगळे असते. ३१ डिसेंबर २०२१ रोजी मुदत संपली. चित्रपट आता सर्वांचा आहे. तो कोणीही, पूर्ण किंवा अंशतः, दाखवू शकतो."

शेवटच्या वाक्यातले "कोणीही" आणि "अंशतः" त्याने पुस्तकातल्या नमुन्यावरून उचलले. चांगले भरीव वाटले.

तरुण सक्सेनाने चार दिवसांत उत्तर दिले. कंपनी सदर मताशी सहमत आहे, हक्काचा दावा सोडत आहे, शुभेच्छा. इतक्या लवकर, इतक्या गोडीने समोरचा वकील सहमत झाला की आपण काहीतरी विसरलो आहोत, हे सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने सुश्रुतला कळायला हवे होते. त्याने पेढे वाटले.

फूलबागेत फिल्म दाखवली गेली. अख्खी. नवव्या मिनिटाला काही बायका रडल्या, एक म्हातारा ओरडून म्हणाला, "ए कान्हा!" मंडळातून कोणी आले नाही, म्हणजे दिसेल असे कोणी आले नाही. मंदाताईंची मोटार मात्र दिवे मालवून रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारले की पास का पाठवला नाही.

मतानंतर

तीन आठवड्यांनी गरिमाचा फोन आला. "काका, हजिऱ्याला या. आत्ता."

ज्योती हाइट्सच्या जागेवर चाळीस फुटी होर्डिंग लागले होते. त्यावर कान्होजी होता. हसत होता. भट्टीच्या जागी संगणकाने सूर्यास्त बसवला होता, बनियनच्या जागी सदरा. नळी तशीच होती, पण आता ती बासरीसारखी दिसत होती. खाली लिहिले होते: "विरासत की मुस्कान. तीन और चार बेडरूम."

गरिमाने वर बोट दाखवले.

"रोकू शकतो?"

"नाही."

"का?"

"कोणीही," सुश्रुत म्हणाला. "पूर्ण किंवा अंशतः."

"हे तुम्ही लिहिलं होतं."

"हो."

तिने त्याच्याकडे असे पाहिले की त्याला वाटले, हिने ओरडावे तरी. ती ओरडली नाही. तिने पाठीवरची पिशवी काढली, टॅबलेट बाहेर काढला आणि विक्री कार्यालयाच्या दारासमोर, फुटपाथवर, पुलाच्या कामासाठी आणून टाकलेल्या एका दगडावर जाऊन बसली.

आठ दिवसांनी तरुण सक्सेनाचा फोन आला. या वेळी त्याच्या आवाजात सभ्यता जरा कमी होती.

"पोतनीसजी, आपकी क्लायंट रोज शाम को हमारे गेट पर बैठती है. फ्लैट देखने जो भी आता है, उसको वही चालीस सेकंड दिखाती है. बिना सूर्यास्त के. लोग होर्डिंग को देखते हैं, फिर टैबलेट को देखते हैं, फिर गाड़ी घुमा लेते हैं."

"फिल्म सबकी है. आपने लिखकर माना है."

"फिल्म दिखाए ना! पर वो बताती है कि इस आदमी की आँखें चली गईं. ये फिल्म में कहाँ है?"

"ये उसका अपना है," सुश्रुत म्हणाला. "इस पर आपका हक कब था?"

"देखिए, मैनेजमेंट बहुत परेशान है. चेहरा अब हर ब्रोशर पर छप गया है, बदल नहीं सकते. आप सीनियर हैं. कुछ रास्ता बताइए."

"रास्ता क्या," सुश्रुत म्हणाला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सीनियर म्हटले होते, आणि त्याचे त्याला काहीच वाटत नव्हते. "चश्मा पहना दीजिए उसको. भट्टीवाला, काला. साठ साल देर से सही."

सुश्रुतला वाटले, लागले कुठेतरी. मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला आणि तरुण सक्सेनाने विचारले, "काला ठीक रहेगा? या ब्राउन?"